कौत्साचे वारसदार

माझ्या सेवेच्या चौथ्या वर्षी, एका हिंदीभाषी राज्यातील एका उपविभागाचा अधिकारी असताना, मी एका टोल्यावरील त्रेचाळीस कुटुंबांचे रेशन दुकान तेथून उचलून पाच किलोमीटर दूर, नाल्याच्या पलीकडील गावी नेले. असे करण्यात माझा काही हेतू नव्हता. दुकानदाराशी माझे वैर नव्हते, पलीकडील गावाशी सख्य नव्हते, कोणी दबाव आणला नव्हता की कोणी पाकीट आणले नव्हते. मी फक्त एका नस्तीवर 'यथाप्रस्तावित' असे लिहून खाली सही केली होती.

पावसाळ्यात, साप्ताहिक जनसुनवाईच्या दिवशी, त्या टोल्यावरील पाच-सहा बायका आल्या. त्यांच्यापैकी एकीने घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. तो त्यांनी सात महिन्यांपूर्वी दिलेल्या अर्जाची कार्बन प्रत होती. खाली त्रेचाळीस अंगठे होते. अर्ज चार ओळींचा होता आणि त्याचा सारा आशय एका वाक्यात होता : आमच्या टोल्यावरील रेशन दुकान हलवणार असल्याचे ऐकतो, तरी ते येथून न हलवण्याची कृपा व्हावी.

मी नस्ती मागवली. मुखपृष्ठावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला होता : 'राशन दुकान स्थानांतरण के संबंध में'. आता सारे समजले. आवक शाखेतील कारकुनाने विषय लिहिताना तो पद्धतीप्रमाणे संक्षिप्त केला होता, आणि त्या संक्षेपात अर्जातील 'न' गळून पडला होता. पुढच्या टेबलावरील माणसाने अर्ज वाचला नाही, विषय वाचला. निरीक्षकाने अहवाल दिला की अर्जदारांची मागणी पाहता स्थानांतरास हरकत नाही आणि पंचायतीच्या मुख्य गावी दुकान नेणे सोयीचे होईल. तहसीलदारांनी 'सहमत' असे लिहिले. मी काय लिहिले ते वर सांगितलेच आहे. आदेश निघाला आणि त्याची एक प्रत नियमाप्रमाणे अर्जदारांना गेली, 'आपल्या अर्जाच्या संदर्भात' असा उल्लेख करून.

त्या बायकांचा स्वर रागाचा नव्हता, आणि हे मला आजही टोचते. त्यांच्या समजुतीने आपणच अर्ज लिहिण्यात काही चूक केली होती. एकीने विचारले, "साहब, हमने उल्टा लिख दिया था क्या?"

मी ही गोष्ट माझ्या प्रशिक्षणार्थींना अनेकदा सांगितली आहे. ते हसतात आणि म्हणतात की हा निष्काळजीपणाचा नमुना आहे. मला ते मान्य नाही. निष्काळजी माणूस कागद हरवतो, तारीख चुकवतो, जोडपत्र विसरतो. या नस्तीत काहीही हरवले नव्हते. आवक क्रमांक होता, पृष्ठांक होते, पताका जागेवर होत्या, प्रत्येक टिपणीखाली दिनांकासह सही होती. नियमांच्या दृष्टीने ती एक आदर्श नस्ती होती. फक्त तिच्यातून प्रवास करणाऱ्या शब्दांना काही अर्थ असतो, ही गोष्ट पाच सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही मनात आली नव्हती. हा निष्काळजीपणा नव्हे. हे एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते फार जुने आहे.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटताना आपण ज्या कौत्साची गोष्ट मुलांना सांगतो, तो गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे गेलेला शिष्य. त्याच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. मला अभिप्रेत असलेला कौत्स यास्काचार्यांच्या निरुक्तात भेटतो, आणि तोही प्रतिपक्षाच्या तोंडून. त्याचा स्वतःचा ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. निरुक्त हा वेदातील कठीण शब्दांचे अर्थ सांगणारा ग्रंथ. त्याच्या पहिल्याच अध्यायात यास्काचार्य एक आक्षेप नोंदवतात : मंत्रांचा अर्थ कळावा म्हणून हे शास्त्र असेल तर ते व्यर्थ आहे, कारण मंत्रांना अर्थच नसतो, असे कौत्साचे मत आहे.

वेदांना प्रमाण मानणाऱ्या परंपरेच्या अगदी आत बसून कोणी असे म्हणावे, याचे पहिल्यांदा वाचताना मला नवल वाटले होते. पण कौत्स टवाळखोर नाही. त्याची कारणे व्यवस्थित मांडलेली आहेत. मंत्रातील शब्द ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. बोलण्यातल्या वाक्यात आपण एक शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालू शकतो, मंत्रात तसे चालत नाही. मंत्र कोठे वापरायचा हे ब्राह्मणग्रंथ वेगळे सांगतात. मंत्राला स्वतःचा अर्थ असता तर हे सांगण्याची गरज पडली नसती. मंत्र अशक्य गोष्टी बोलतात : वनस्पतीला सांगतात की याचे रक्षण कर, कुऱ्हाडीला सांगतात की याला इजा करू नकोस. ते परस्परविरुद्ध बोलतात : एके ठिकाणी रुद्र एकच, दुसरीकडे रुद्र हजारोंनी. ज्याला सर्व ठाऊक आहे त्यालाच ते पुन्हा सांगतात. आणि काही शब्द तर असे आहेत की त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही.

कौत्साच्या या कारणांपैकी पहिले मला खरोखर बळकट वाटते. जो शब्द बदलता येत नाही, तो शब्द बोलण्यासाठी नसून करण्यासाठी असतो, असे त्यात गृहीत आहे. आता आपल्या कार्यालयाकडे पाहा. 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित', 'अवलोकनार्थ सादर', 'वरीलप्रमाणे', 'दप्तरी दाखल'. यांतला एक शब्द बदलून दाखवा. 'उचित कार्यवाहीस्तव' ऐवजी 'या बाईला धान्य मिळत नाही, चौकशी करून पंधरा दिवसांत मला सांगा' असे लिहिणारा कनिष्ठ अधिकारी उद्धट ठरतो. हे शब्द काही सांगण्यासाठी लिहिलेले नसतात. नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकावी म्हणून ते म्हटले जातात, जशी समिधा अग्नीत पडताना एक स्वाहाकार म्हटला जातो. कौत्साच्या कसोटीने ते मंत्रच आहेत.

यास्काचार्यांनी दिलेली उत्तरे शांत आणि मार्मिक आहेत. मंत्रातील शब्द हे लोकांच्या बोलण्यातलेच शब्द आहेत, मग लोकांत अर्थ आणि मंत्रात निरर्थकता असे कसे? क्रम तर लोकभाषेतही ठरलेला असतो. आपण पितापुत्र म्हणतो. विरोध म्हणाल तर राजाला शत्रू नाही असे आपण बोलतोच, त्यावरून कोणी सीमा ओस टाकत नाही. माहीत असलेल्यालाही सांगितले जाते : वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना आपण आपले नाव उच्चारतो, ते त्यांना ठाऊक नसते म्हणून नव्हे. आणि काही शब्दांचा अर्थ लागत नाही, याला त्यांचे उत्तर असे की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध होत नाही. याच अध्यायात थोडे पुढे, अर्थ न जाणता नुसता पाठ करणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. आपल्या सचिवालयांतून असे खांब किती, याची मोजणी मी वाचकांवर सोडतो.

कौत्साचे मत तेथे संपले नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत तोच पूर्वपक्ष पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा खोडला गेला. चौदाव्या शतकात सायणाचार्यांनी ऋग्वेदभाष्याच्या प्रस्तावनेत त्याची पुन्हा दखल घेतली. आणि विसाव्या शतकात त्याला एक समर्थ वकील मिळाला. फ्रिट्स स्टाल या डच पंडितांनी १९७५ साली केरळातील पांजाळ येथे नंबुदिरी वैदिकांनी केलेले अग्निचयन जवळून पाहिले, त्याचे चित्रीकरण करवले, आणि १९८९ साली एका ग्रंथात असा सिद्धांत मांडला की यज्ञविधी आणि मंत्र यांत नियम असतात, अर्थ नसतो. विधी अचूक करणे हेच त्याचे सर्वस्व. स्टाल यांच्या विद्वत्तेपुढे मी नतमस्तक आहे, आणि यज्ञापुरते ते बरोबर असतील तर माझी काही तक्रार नाही. अर्थ बाजूला ठेवून अक्षरे सांभाळण्याचे सामर्थ्य मी नाकारत नाही. जटापाठ आणि घनपाठ यांत शब्द पुढेमागे फिरवून असे म्हटले जातात की वाक्याचा अर्थ उरतच नाही, आणि नेमक्या त्याच युक्तीने हजारो वर्षे एकही स्वर न ढळता संहिता टिकली. आवक क्रमांक आणि पृष्ठांक हा आपला घनपाठच होय. तो नसता तर त्या बायकांची नस्ती मला सापडलीच नसती.

पण कार्यालय हे यज्ञमंडप नव्हे. यज्ञात मंत्र ज्याच्यासाठी म्हटला जातो तो इंद्र किंवा अग्नी दुसऱ्या दिवशी कार्बन प्रत घेऊन दारात उभा राहत नाही.

पश्चिमेकडेही या मताच्या शाखा आहेत. गणित म्हणजे ठरलेल्या नियमांनी केलेली चिन्हांची हलवाहलव, असे मानणारा रूपवाद्यांचा पंथ विसाव्या शतकाच्या आरंभी जोरात होता. १९३१ साली ग्योडेलने त्याच्या महत्त्वाकांक्षेला मर्यादा घातल्या. त्या खोलात मी शिरत नाही, तो माझा प्रांत नव्हे. मात्र जॉन सर्ल यांनी १९८० साली रचलेली चिनी खोलीची कल्पना प्रत्येक प्रशासकाने वाचावी अशी आहे. एका बंद खोलीत एक माणूस बसलेला आहे. त्याला चिनी अजिबात येत नाही. एका फटीतून चिनी चिन्हांचे कागद आत येतात. त्याच्याजवळ एक जाडजूड नियमपुस्तक आहे, त्यात कोणती चिन्हे आली तर कोणती चिन्हे बाहेर द्यायची ते लिहिले आहे. तो निमूटपणे तसे करतो. बाहेरच्याला वाटते की आत कोणी चिनी जाणणारा आहे. सर्ल यांचे म्हणणे असे की त्या माणसाला, नियमपुस्तक कितीही अचूक असले तरी, एका अक्षराचाही अर्थ कळलेला नसतो. तत्त्वज्ञ या खोलीवर चार दशके वाद घालत आहेत. मी त्या खोलीत काम केले आहे. तिच्या फटीवर 'आवक' अशी पाटी असते.

आज या पंथाला नवा उत्साह चढला आहे. यंत्रे पत्रे लिहितात, टिपण्या लिहितात, मसुदे तयार करतात, आणि ते बऱ्याच अव्वल कारकुनांपेक्षा शुद्ध असतात. त्यावरून काही हुशार मंडळी सांगू लागली आहेत की भाषा म्हणजे चिन्हांमागून चिन्हे येण्याचा खेळ आहे आणि अर्थ ही जुन्या माणसांची भाबडी समजूत. यंत्राला समजते की नाही, हा वाद मी त्यांच्याशी घालणार नाही. माझा प्रश्न कारकुनी आहे : उद्या 'याचा अर्थ काय' असे विचारले तर उत्तर द्यायला कोण उभे राहणार? २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीच अस्तित्वात नसलेले निकाल दाखले म्हणून सादर केले. त्या निकालांना पक्षकारांची नावे होती, क्रमांक होते, भारदस्त भाषा होती. पाच हजार डॉलरचा दंड मात्र यंत्राला झाला नाही. ज्यांच्या सह्या होत्या त्यांना झाला.

मला अर्थ हा शब्द असा समजतो. मी काही म्हटले याचा अर्थ, त्या म्हणण्याला मी बांधला गेलो. आपट्याचे पान सोने होते ते पानामुळे नव्हे. देणारा आणि घेणारा दोघेही ते सोने म्हणून देतात-घेतात म्हणून. माझ्या सहीखालील वाक्याला अर्थ असतो, कारण ते वाक्य दाखवून कोणी मला जाब विचारू शकतो. कौत्साच्या वारसदारांना नेमके हेच नको आहे. निरर्थक शब्द हा जगातील सर्वांत सुरक्षित शब्द आहे. 'उचित कार्यवाही' झाली नाही म्हणून आजवर कोणाची वेतनवाढ रोखली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही, कारण उचित म्हणजे काय हे कोणी म्हटलेच नव्हते.

आपल्या न्यायालयांनी हा पंथ फार पूर्वी ओळखला आहे. इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत कारणे देणाऱ्या आदेशाला 'बोलका आदेश' म्हणतात, हे नाव मला फार आवडते. आदेश बोलका असावा, म्हणजे त्याने नुसती ओठांची हालचाल करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली सांगितले की अर्धन्यायिक निर्णय देणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यानेही, कायद्याने स्पष्टपणे किंवा ओघाने सूट दिली नसेल तर, कारणे नोंदवली पाहिजेत. २०१० साली त्याच न्यायालयाने पुढे जाऊन बजावले की कारणांचा देखावा किंवा रबरी शिक्क्यासारखी कारणे ही कारणे नव्हेत.

याहून अधिक बोलके आहेत ते स्थानबद्धतेचे खटले, कारण तेथे पणाला लागते ते माणसाचे स्वातंत्र्य. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(५) प्रमाणे स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला त्याची कारणे कळवावी लागतात. १९६१ साली नागपुरात एका माणसाला स्थानबद्ध करून इंग्रजीत कारणे देण्यात आली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीतून मागितली, ती नाकारली गेली. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी भाषांतर करून सांगितले आहे आणि राजभाषा इंग्रजी आहे, म्हणजे कळवणे पूर्ण झाले, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. कौत्साला अभिमान वाटला असता. चिन्हे एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणखी काय हवे? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळले : ज्याला ती भाषा येत नाही त्याला समजेल अशा भाषेत, आणि साक्षर असेल तर वाचता येईल अशा लिपीत, कारणे दिली पाहिजेत. १९८१ साली केवळ गुजराती जाणणाऱ्या एका स्थानबद्धाच्या बाबतीत पोलीस निरीक्षकाने आपण सारे समजावून दिल्याचे शपथपत्र केले होते. न्यायालयाने तेही पुरेसे मानले नाही. कळवणे म्हणजे त्या माणसाच्या मनापर्यंत पोहोचवणे.

आणि १९८५ सालचा जम्मू-काश्मीरमधील खटला तर मी माझ्या रेशन दुकानाशेजारी ठेवतो. जिल्हा दंडाधिकाऱ्याने दिलेली स्थानबद्धतेची कारणे पोलिसांच्या टिपणाशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही शब्दशः एकच निघाली. फरक एवढाच की टिपणात त्या व्यक्तीचा उल्लेख तृतीय पुरुषात होता आणि कारणांत त्याजागी 'तुम्ही' असे केले होते. एक सर्वनाम बदलले आणि एक माणूस तुरुंगात गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की यात डोके वापरल्याची खूण नाही, आणि आदेश रद्द केला. जिल्हा दंडाधिकाऱ्याला मी ओळखत नाही, पण त्याचा दोष मला परका वाटत नाही. मीही 'यथाप्रस्तावित' लिहिले होते.

माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला तेव्हा या पंथाने आपले खरे मत उघड केले. नस्तीवरील टिपण्या म्हणजे माहिती नव्हेच, असा पवित्रा केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याने घेतला होता. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्ये तो अमान्य केला. मग त्याच वर्षी टिपण्या वगळण्यासाठी कायद्यातच दुरुस्ती करण्याचे घाटले, आणि देशभर विरोध झाल्यावर ते बारगळले. एक गंमत पाहा. टिपण्यांना अर्थ नसेल तर त्या दाखवण्यात धोका कसला? आणि धोका असेल, तर त्यांना अर्थ आहे हे आपणच कबूल केले. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे स्वतःहून देण्याचे बंधन आहे. या कलमाचा उपयोग सर्वांत कमी होतो असे माझे निरीक्षण आहे. माहिती मागणाऱ्याला ती देता येते, पण कारण द्यायला आधी ते असावे लागते.

माझे काही ज्येष्ठ सहकारी या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक कारकून अर्थ लावू लागला तर राज्य मर्जीचे होईल. नियमाप्रमाणे, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने काम होते म्हणूनच गरिबाचा आणि आमदाराच्या मेहुण्याचा अर्ज एकाच रांगेत उभा राहतो. हा आक्षेप खोटा नाही. ठरीवपणाने किती अन्याय टळतो हे मी रोज पाहिले आहे. पण या सहकाऱ्यांना मी मीमांसकांची आठवण करून देतो. विधीवर, क्रमावर, अंगउपांगांवर त्यांच्याइतकी निष्ठा जगात कोणाची नसेल. पळीभर तूप आधी की नंतर यावर ते अधिकरणे लिहितात. कौत्साचे मत त्यांना सर्वांत सोयीचे होते : अर्थ नको, कर्म करा. तरीही त्यांनी ते खोडले. नियम पाळायचा तर तो काय म्हणतो हे कळले पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या कर्मठांना कळत होती. पुढे त्यांचेच अर्थनिर्णयाचे नियम धर्मशास्त्रात आले. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत 'पिंड' या शब्दाचा अर्थ शरीर असा घेतला, बंगालच्या दायभागाने श्राद्धातील पिंड असा धरला, आणि त्या दोन अक्षरांवर कोणाला कोणाची जमीन मिळणार हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापर्यंत घराघरांत वेगवेगळे ठरत राहिले. शब्दाला अर्थ नसतो असे त्या घरांतील विधवांना सांगून पाहायला हवे होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हिंदी माझी मातृभाषा नाही. त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक अर्ज स्वतः, मूळ कागदावरून वाचू लागलो, आणि लक्षात आले की परक्या भाषेत वाचणे ही एक देणगी आहे. आपल्या भाषेत डोळा वाक्यावरून घसरत जातो. परक्या भाषेत प्रत्येक शब्दाशी थांबावे लागते, 'न' शी सुद्धा. बडोद्यात, इंदूरमध्ये, हैदराबादेत, बंगळुरूत राहून तुम्ही रोज दुसऱ्याच्या भाषेतले फॉर्म भरता, तेव्हा तुम्हाला हे माझ्याइतकेच ठाऊक असेल. आणि हेही ठाऊक असू द्या की अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. निवेदन देण्याचा हक्क घटनेने लिहून ठेवला, ते वाचले जाण्याचा लिहायला ती विसरली असे मी म्हणत असे. आता तसे वाटत नाही. वाचले न जाणारे निवेदन दिले गेलेच नाही, असा त्या अनुच्छेदाचा सरळ अर्थ आहे.

मी माझ्या कार्यालयात एक लहानसा नियम केला. नस्तीच्या विषयात 'के संबंध में' लिहायचे नाही. विषयाला क्रियापद हवे : दुकान हलवू नये, मोजणी पुन्हा व्हावी, नाव दुरुस्त करावे. आणि पहिल्या टिपणीत, अर्जदाराला काय हवे आहे ते एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत लिहून त्याखाली सही करायची. याहून अधिक काही नाही. या नियमाला जितका विरोध झाला तितका माझ्या कोणत्याही बदली-आदेशाला झाला नाही. पंधरा दिवस कामे तुंबली. शेवटी मुख्य लिपिक माझ्याकडे आले. ते सज्जन, निवृत्तीला आलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ होते. दार लोटून घेऊन ते खालच्या आवाजात म्हणाले, "साहब, वाक्य लिखेंगे तो ज़िम्मेदारी आ जाएगी."

कौत्सापासून आजवरच्या साऱ्या पूर्वपक्षाचे इतके प्रामाणिक निरूपण मी कोठे वाचलेले नाही. मी त्यांना बसवून चहा मागवला, आणि नियम तसाच ठेवला.

दुकान टोल्यावर परत यायला आणखी चार महिने लागले, कारण त्यासाठी नवा प्रस्ताव, नवा अहवाल आणि नवी मंजुरी लागली. पावसाळा तोवर उलटून गेला होता. परतीच्या आदेशाची नस्ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर विषय होता : 'राशन दुकान स्थानांतरण के संबंध में'. मी ती मागे पाठवली. दुसऱ्या दिवशी ती क्रियापदासह आली, आणि मी सही करण्याआधी मूळ अर्जाची ती घड्या पडलेली कार्बन प्रत मागवून घेतली.